आरोप खळ्यात, भरपाई मांगरात

पत्र असं आहे (बरंच कापून):

“रत्नागिरी तालुक्यात आमची हापूसची कलमं आहेत. मुंबईची नोकरी सोडून मी गावी आलो, आता बाबांबरोबर बाग बघतो. बाबा ७१ वर्षांचे, तोंडाने फटकळ. आमच्याकडे राखणीला एक नेपाळी आहे, त्याचा हा तिसरा हंगाम. बाबा त्याला ‘ए चिंक्या’ नाहीतर ‘बहादूर’ म्हणतात, शिव्याही घालतात. तो नुसता हसतो, त्याला वाईट वाटत नाही. जानेवारीत फवारणीचा पंप सापडेना. बाबांनी खळ्यात सगळ्या माणसांसमोर त्याच्यावर आळ घेतला आणि मांगरातलं, म्हणजे बागेतल्या राहायच्या खोपटातलं, त्याचं सामान बाहेर काढायला लावलं. चार दिवसांनी पंप माझ्या चुलतभावाकडे निघाला. बाबांनीच दिला होता, विसरले होते. त्यावर बाबा काही बोलले नाहीत, पण त्या रात्री स्वतःची चांगली बॅटरी (टॉर्च) मांगरात ठेवून आले. शिमग्याच्या सुट्टीत मी ‘ग्रॅन टोरिनो’ पाहिला आणि मला बाबा कळले. त्यातला वॉल्टही असाच, शिव्यांमागे माया. बायकोला म्हटलं, बॅटरी हीच बाबांची माफी. ती म्हणाली, ही माफी नव्हेच. तेव्हापासून आमच्यात अबोला आहे. मला बाबांनी लहानपणी कधी घळ, म्हणजे आंबे उतरवायची जाळीची काठी, हातात धरायला शिकवली नाही, त्याला मात्र स्वतः उन्हात उभं राहून शिकवली. माया असल्याशिवाय का? बाबांना हा सिनेमा दाखवावा का? आणि आमच्यात बरोबर कोण?” – एक बागायतदार

उत्तर:

बरोबर तुमची पत्नी. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे अबोला आज सुटेल आणि पुढचं तुम्ही जरा शांतपणे वाचाल.

सिनेमा तुम्हाला भिडला यात गैर काही नाही. मलाही तो आवडतो, खोट काढण्यासारखं त्यात बरंच असूनही. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: २००८ सालचा हा सिनेमा क्लिंट ईस्टवुडने दिग्दर्शित केला आणि मुख्य कामही त्यानेच केलं. वॉल्ट कोवाल्स्की हा कोरियाच्या युद्धात लढलेला, फोर्डच्या कारखान्यात आयुष्य घालवलेला म्हातारा. बायको नुकतीच गेलेली, मुलं दुरावलेली. आजूबाजूची जुनी बिऱ्हाडं गेली आणि त्यांच्या जागी हमोंग कुटुंबं राहायला आली. हे मुळात लाओसच्या आणि आसपासच्या डोंगरांतले लोक. व्हिएतनाम युद्धाच्या काळात लाओसमध्ये अमेरिकेने गुपचूप जी लढाई चालवली, तीत ते अमेरिकेच्या बाजूने लढले, आणि १९७५ नंतर जीव वाचवायला त्यांना घरदार सोडावं लागलं. वॉल्टला यातलं काही ठाऊक नाही. त्याच्या लेखी ते सगळे एकच, आणि सगळ्यांसाठी त्याच्याकडे एकेक शिवी तयार. शेजारचा थाओ हा पोरगा चुलतभावाच्या टोळीच्या दबावाखाली वॉल्टची १९७२ ची ग्रॅन टोरिनो गाडी चोरायला जातो, पकडला जातो, आणि तिथून त्या दोघांची ओळख वाढत जाते.

तुम्ही वॉल्टच्या जागी बाबांना बसवलंत, थाओच्या जागी राखणदाराला. बसवताना एक गोष्ट निसटली. थाओ खरोखरच चोरी करायला आला होता. तुमच्या राखणदाराने काही केलं नव्हतं. सिनेमात चूक ज्याची, त्याचं कुटुंब वॉल्टच्या दारात येतं. आई आणि बहीण हटून बसतात की या पोराकडून काम करून घ्या, फेडू दे त्याला. वॉल्ट नको नको म्हणतो, त्या ऐकत नाहीत. तो न्याय तुमच्या घरी लावायचा तर आठवडाभर मांगर झाडायला कोणी जायला हवं होतं? राखणदाराने नव्हे. तुम्ही सिनेमातून म्हाताऱ्याचा रागीट स्वभाव तेवढा घरी आणलात. त्याच सिनेमात भरपाई कशी करतात हे दाखवलंय, ते तिथेच ठेवून आलात.

आता शिव्यांचं. न्हाव्याच्या दुकानातला प्रसंग आठवा. वॉल्ट आणि त्याचा इटालियन वंशाचा न्हावी एकमेकांच्या कुळाचा उद्धार करतात आणि दोघंही खूश असतात. मग वॉल्ट थाओला तिथे घेऊन जातो, पुरुषांसारखं बोलायला शिकवायला. पोरगा आत येतो आणि नुकतीच ऐकलेली शिवी न्हाव्याच्या तोंडावर हासडतो. न्हावी बंदूक काढून रोखतो! थट्टेतच, पण रोखतो. मग दोघं त्याला समजावतात: अनोळखी माणसाला शिवी द्यायची नसते, त्याच्यासमोर आपल्या गाडीच्या, मेकॅनिकच्या, साहेबाच्या नावाने कटकट करायची असते. पुढे बांधकामावरच्या मुकादमापुढे तो नेमकं तेच करतो आणि त्याला काम मिळतं. हसवणारा प्रसंग आहे, पण पटकथा लिहिणाऱ्याला माणसं कळतात हे मला तिथे जाणवलं. वॉल्ट आणि न्हावी यांच्या शिव्या चालतात, कारण शिवी जाते तशी परत येते. दोघांपैकी कोणाचंही पोट दुसऱ्याच्या हातात नाही. उद्या वॉल्ट केस कापायला दुसरीकडे जाऊ शकतो आणि न्हावी त्याला दार दाखवू शकतो.

तुमच्या खळ्यात उद्या त्या मुलाने बाबांना म्हटलं, “काय रे म्हाताऱ्या, पंप स्वतःच दिलास आणि विसरलास ना, मेल्या?” तर काय होईल? तुम्हाला उत्तर माहीत आहे. त्यालाही माहीत आहे. तो हसतो ते म्हणून. भारत-नेपाळच्या १९५० च्या करारामुळे त्याला इथे येऊन काम करायला व्हिसा लागत नाही, पण राहायचा मांगर, महिन्याचा पगार, मधली उचल आणि हंगाम संपल्यावर गावी जायचं भाडं हे सगळं तुमच्या बाबांच्या हातात आहे. ज्याचा हिशेब अजून व्हायचा आहे तो माणूस मालकाच्या शिवीवर हसतोच. “त्याला वाईट वाटत नाही” हे तुम्ही त्याला विचारून लिहिलंत की त्याच्या हसण्यावरून?

शिव्यांचं आपल्याला वावडं नाही, मीही काही सोवळी नव्हे. शिमग्यात होळीभोवती बोंबा मारताना कोणाचंच नाव सुटत नाही, गावातल्या मोठ्यात मोठ्या माणसाचंही. आणि ज्याच्या नावाने रात्री बोंब ठोकली तोच सकाळी पालखीला खांदा द्यायला पुढे असतो. त्यात गोडी आहे ती सगळ्यांना सगळ्यांची मुभा असते म्हणून. वर्षभर एकानेच बोंब मारायची आणि दुसऱ्याने खाली मान घालून ऐकायची, याला कोणत्या गावात शिमगा म्हणतात?

इथे मला कोणीतरी फणस दाखवणार, हे ठाऊक आहे. कोकणातला माणूस बाहेरून काटेरी आणि आतून गोड. ही उपमा आपणच आपल्याला दिली आणि ती आपल्याला फार आवडते, कारण काटे लागतात ते दुसऱ्यालाच. गऱ्यापर्यंत पोचायचं तर फुरसत लागते, हाताला तेल लागतं. दिवसा वानर हाकलणाऱ्या आणि रात्री चोरांची चाहूल घेत बागेत फिरणाऱ्या परक्या पोराने ती फुरसत आणायची कुठून? बाबांचा गोडवा शोधून काढणं हे त्याचं काम नाही. त्याला त्याचा पगार मिळत नाही.

सिनेमाबद्दल आणखी एक सांगायला हवं. थाओचं काम करणारा बी वँग स्वतः हमोंग आहे, तेव्हा शाळकरी वयाचा होता. पुढे त्याने जाहीरपणे लिहिलं की वॉल्टच्या तोंडच्या शिव्यांवर गोऱ्या प्रेक्षकांमध्ये जो हशा पिकायचा, तो त्याला अस्वस्थ करायचा. मला हे पटतं. सिनेमा वॉल्टला बदलताना दाखवतो, पण वाटेत त्याच शिव्यांवर आपल्याला हसवूनही घेतो, आणि हसून झाल्यावर आपण सुधारलो असं वाटायला लावतो. हमोंग माणसांना मात्र बहुतेक वेळ एका गोऱ्या म्हाताऱ्याचं मन कसं पालटलं हे दाखवण्यासाठीच उभं केलंय. चांगला सिनेमा आहे म्हणूनच हे सांगते. वाईट सिनेमाचा इतका विचार कोण करतं!

तुमच्या पत्रातही तेच झालंय. पत्र लांबलचक आहे, इथे पाव भागच छापलाय. त्यात वॉल्टचं नाव आहे, ईस्टवुडचं आहे, तुमच्या कुत्र्याचं आहे. त्या मुलाचं नाही. “आमचा नेपाळी” आहे, “बहादूर” आहे, एका जागी नुसतं “तो” आहे. तिसरा हंगाम चाललाय. पोलिस ठाण्यात कामगारांची माहिती दिली असेल तर तिथे तुम्ही त्याचं पूर्ण नाव नक्की लिहिलं असणार. मग ते बागेच्या गडग्याच्या आत का येत नाही? बाबांना सुनवायला मी हे म्हणत नाहीये. पत्र तुम्ही लिहिलंत.

आपल्या लोकांच्या वाट्याला हे येऊन गेलंय. मुंबईत एके काळी घरकामाला राहणाऱ्या रत्नागिरीकडच्या गड्यांना सरसकट ‘रामा’ म्हणत. आईबापांनी काय नाव ठेवलं होतं, हे शेटजींना विचारावंसं वाटलं नाही. गिरणगावात एकेका खोलीत पाळीपाळीने झोपणारे चाकरमानी, खानावळीत जेवणारे, महिन्याला मनीऑर्डर करणारे, वर्षातून शिमग्याला नाहीतर गणपतीला घरी येणारे, हे आपल्याच आज्या-पणज्यांचे नवरे आणि भाऊ होते. आपल्या कितीतरी वाड्या त्यांच्या पैशांवर उभ्या राहिल्या. तुमचा राखणदार दिवाळी झाल्यावर येतो आणि पावसाच्या तोंडावर परत जातो. मिरकरवाड्याच्या बंदरावर उभे राहा, तिथे बोटींवरही त्याच्याकडचे खलाशी दिसतील, १ जूनला मासेमारी बंद झाली की गावची वाट धरणारे. त्यांची मनीऑर्डर आता मोबाइलवरून जाते, एवढाच काय तो फरक. तुमचे बाबा तरुणपणी मुंबईत होते का, हे पत्रात नाही. असतील तर त्यांना कधीतरी विचारा, तिथे त्यांना कोण काय हाक मारायचं. सिनेमा दाखवण्यापेक्षा हे विचारणं मला जास्त बरं वाटतं.

आता जे तुम्ही विचारलं नाहीत त्याकडे येते. घळीबद्दलचं ते वाक्य मी दोनदा वाचलं. बाबा उन्हात उभं राहून त्याला शिकवतात, देठ कसा पकडायचा, फळ न आपटता जाळीत कसं घ्यायचं. तुम्हाला त्यांनी कधी शिकवलं नाही. तुम्ही हे त्यांच्या मायेचा पुरावा म्हणून लिहिलंत, पण मला त्यात तुमचा सल दिसला. बाबांची माया त्या मुलापर्यंत पोचते असं ठरलं तरच ती त्यांच्यात आहे असं मानता येतं, आणि मग कधीतरी तुमच्यापर्यंतही पोचेल. बॅटरीला माफी म्हणण्याची तुमची घाई यातून आली असावी. चुकत असेन तर सोडून द्या.

पण सिनेमा या बाबतीतही तुम्ही अर्धाच पाहिलात. वॉल्टच्या मुलाला फुटबॉलच्या तिकिटांसाठी फोन करायचं सुचतं. वाढदिवसाला तो आणि सून मोठ्या आकड्यांचा फोन आणतात आणि वृद्धाश्रमांची माहितीपत्रकं. वॉल्ट त्यांना घराबाहेर काढतो. आपण पोरांना नावं ठेवतो. मग शेवटाकडे तो चर्चमध्ये कबुलीजबाबाला बसतो तेव्हा मोजून तीन गोष्टी सांगतो: एका पार्टीत परक्या बाईचं चुंबन घेतलं, एका विक्रीवरचा कर चुकवला, आणि आपल्या दोन मुलांशी कधी जवळीक साधता आली नाही. तिसरी गोष्ट तो पाद्र्याला सांगतो. मुलांना नाही. मुलांना ती कधीच कळत नाही, त्यांना फक्त मृत्युपत्र ऐकायला मिळतं, ज्यात गाडी थाओला गेलेली असते. शेजारच्या पोराशी म्हातारा मऊ झाला म्हणून घरच्यांचं देणं फिटलं, असं हा सिनेमा म्हणत नाही. बाबांशी तुमचा जो हिशेब आहे तो बाबांशीच करा. राखणदाराच्या खात्यावर तो टाकू नका, त्याच्या खात्यावर आधीच पंप टाकून झालाय.

कोरियात केलेल्या हत्यांबद्दल वॉल्ट पाद्र्यासमोर बोलत नाही. ते तो थाओला सांगतो, तळघराच्या जाळीच्या दाराआडून. आणि तिथेच, त्याच दाराशी, तो त्याला म्हणतो की तू माझा मित्र आहेस याचा मला अभिमान आहे. इतक्या सरळ शब्दांत. तुमचं सगळं म्हणणं यावर उभं आहे की अशा माणसांना बोलता येत नाही, म्हणून ते वस्तू देतात. वॉल्टने अवजारंही दिली, गाडीही दिली, आणि बोललाही. फार उशिरा बोलला, मरायला निघाल्यावर, हे खरं. तुमचे बाबा खळ्यात एवढ्या माणसांसमोर “ह्यानेच नेला” म्हणू शकले, म्हणजे शब्द त्यांच्याकडे आहेत.

बॅटरी वाईट नाही. ती ठेवायला म्हातारा काळोखातून मांगरापर्यंत चालत गेला, त्याच्या मनात काहीतरी हललं असणार, हे मी मानते. पण हिशेब बघा. आळ घेतला दिवसाढवळ्या, पाच-दहा माणसांदेखत. पिशवी उपसली त्यांच्यासमोर. तो निर्दोष आहे हे मात्र त्याला एकट्याला रात्री एका बॅटरीवरून ओळखायचंय. खळ्यात उभी असलेली बाकीची माणसं काय समजतायत आज? त्यांच्यातल्या निम्म्यांना पंप सापडल्याचं माहीतही नसेल. शिमगा गेला तरी कवित्व उरतं. पुढच्या वर्षी वाडीत कोणाची कोयती हरवली तर पहिलं बोट कोणाकडे जाईल, सांगा बघू. बॅटरी ते थांबवू शकत नाही.

म्हणून करायचं ते असं. काढणी सुरू असेल किंवा होईल. घळवाले, पेट्या भरायला येणाऱ्या बायका, जानेवारीत खळ्यात होती त्यातली बरीचशी माणसं पुन्हा जमतील. चहाच्या वेळी, सगळे हजर असताना, तुम्ही बोला. बाबा नव्हे, तुम्ही. बाग आता तुम्हीही बघता, आणि सामान उपसलं जात होतं तेव्हा तुम्ही कुठे होतात याबद्दल पत्रात एक अक्षर नाही, त्यावरून तिथेच होतात असं मी धरून चालते. पंप घरच्यांनीच दुसऱ्याला दिला होता. ह्याच्यावर घेतलेला आळ खोटा होता. सामान काढायला लावलं तेही चुकलं. एवढंच बोला, त्याचं नाव घेऊन, त्याला समजेल अशा हिंदीत. भाषण नको, गळामिठी नको, आणि कृपा करून फोनवर व्हिडिओ नको. नंतर चहा प्या आणि कामाला लागा.

बाबांना आदल्या रात्री सांगा. सांगा म्हणते, विचारा म्हणत नाही. ते भडकतील, “आता गड्यांसमोर माझी इज्जत काढ” म्हणतील, दोन दिवस जेवणावर राग काढतील. काढू देत. त्यांच्यासमोर सिनेमाचा दाखला देऊ नका. कदाचित ते स्वतःच त्या सकाळी खळ्यात येतील आणि “बस कर आता, कामं पडलीत” असं खेकसतील. तेवढ्यावर समाधान माना. नाही आले तरी तुमचं काम झालंय.

सिनेमा दाखवायचा असेल तर करमणूक म्हणून दाखवा, औषध म्हणून नको. त्या वयाच्या पुष्कळ पुरुषांना ईस्टवुडचे घोड्यावरचे सिनेमे आठवतात, बसतील आवडीने. पण त्यातून ते काय उचलतील याची हमी नाही. तुम्ही चाळीस वर्षांनी लहान असून “शिव्यांमागे माया” एवढंच उचललंत, ते “बघ, तो गोराही माझ्यासारखाच बोलतो” म्हणून खूश होतील.

घळ अजूनही शिकायची असेल तर त्या मुलाकडून शिका. बाबांनी त्याला चांगली शिकवली आहे असं तुम्हीच म्हणता. तो हात धरून दाखवेल, तुम्ही चार फळं आपटाल, आणि तेव्हा तो तुम्हाला काही बोलला तर ऐकून घ्या.

हंगाम संपल्यावर त्याचा हिशेब वेळेवर करा, तो मागायच्या आधी, कागदावर, उचल वजा करून काय उरलं ते त्याला दाखवून. पुढच्या दिवाळीनंतर येणार का, असं विचारा. तो दुसऱ्या बागेत जाणार असेल तर अडवू नका आणि त्याच्या नावाने इतर बागायतदारांकडे काही बोलू नका. तीन हंगाम काढलेल्या राखणदाराला रत्नागिरीत कोणीही ठेवून घेईल, तुमच्या बाबांच्या शिव्यांशिवाय.